शटर काउंट सगळ्यात शेवटी विचारा

जुना डीएसएलआर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो: "शटर काउंट किती?" म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडलं, किती क्लिक झाले. विकणाराही तो आकडा छातीठोकपणे सांगतो, कारण त्यामागे बाकी सगळं झाकता येतं. बारा हजार क्लिक झालेला कॅमेरा चार पावसाळे कातडी पिशवीत बंद पडून असेल, तर ऐंशी हजार क्लिकचा रोज वापरातला कॅमेरा त्याच्यापेक्षा कितीतरी बरा. काउंट बघावाच, पण सगळं तपासून झाल्यावर.

उदाहरणासाठी निकॉनची एफ माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणारं कडं, घेऊ. ही माउंट १९५९ पासून चालत आली आहे, त्यामुळे जुन्या बाजारात तिच्या लेन्स मुबलक आहेत. पण कुठली लेन्स कुठल्या बॉडीवर चालते याचा घोळही याच माउंटमध्ये सगळ्यात मोठा आहे. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा ऑनलाइन जाहिरातींत हात घालण्याआधी तो घोळ समजून घेतला, तर बरेच पैसे वाचतात. निकॉनने २०१८ साली झेड माउंट आणल्यापासून लोक मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळले, म्हणून डीएसएलआरच्या चांगल्या बॉड्या आता आवाक्यात आल्या आहेत.

आधी बॉडीतली मोटर. डी३०००, डी५००० या मालिकांतल्या बॉड्यांत आणि डी४०, डी६० मध्ये फोकसची मोटर नाही. त्यांच्यावर एएफ किंवा एएफ-डी लेन्स लावली की फोकस हातानेच करावा लागतो. ज्यांच्या नावात एएफ-एस आहे त्या लेन्समध्ये स्वतःची मोटर असते, त्या चालतात. डी९०, डी७००० पासून डी७५०० पर्यंतच्या बॉड्या, डी६१०, डी७५०, डी८५० यांच्यात मोटर आहे. म्हणजे स्वस्तात मिळालेली ५० मिमी एफ/१.८डी ही डी३५०० वर लावून "फोकसच होत नाही" म्हणत बसण्यात अर्थ नाही. लेन्स ठीक आहे, जोडी चुकली आहे. टॅमरॉनच्या १७-५० एफ/२.८ चंही तेच: तिच्या सुरुवातीच्या निकॉन आवृत्तीत मोटर नव्हती, नंतरच्या आवृत्तीत आली. जाहिरातीत दोन्हींचं नाव एकच लिहिलेलं असतं. मागच्या बाजूचा फोटो मागा. माउंटच्या धातूच्या कड्यात स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला बसेल अशी खाच दिसली, तर ती बिनमोटरची.

उलट्या बाजूचा घोळ एएफ-पी लेन्सचा. या नव्या धाटणीच्या लेन्स डी९०, डी५१००, डी३१००, डी३२०० अशा बॉड्यांवर फोकसच करत नाहीत, अगदी हातानेसुद्धा. त्यांची फोकसची रिंग काचेला यांत्रिकपणे जोडलेली नसते, इलेक्ट्रॉनिक इशाऱ्यावर चालते, आणि जुन्या बॉडीला तो इशारा कळत नाही. १८-५५ ची एएफ-पी फार स्वस्त मिळते आणि जुन्या बॉडीवाले तिच्यावरच झडप घालतात.

अगदी जुन्या, १९७७ च्या आधीच्या, एआय (लेन्सचं भोक किती उघडं ठेवलंय ते बॉडीला कळवणारी सोय) नसलेल्या लेन्सबद्दल एवढंच सांगतो: डी७२०० वर किंवा डी७५० वर जोर करून लावू नका. बॉडीच्या माउंटला लागून एक छोटी एआय पट्टी असते, ती मोडते. डी७५०० ला ती पट्टीच नाही, त्यामुळे जुन्या एआय लेन्सवर प्रकाशमापनही मिळत नाही. मॅन्युअल लेन्सची हौस असेल तर डी७२०० हा मॉडेलक्रमाने जुना, पण कामाला जास्त उपयोगी.

माझं मत विचाराल तर २०१५ चा डी७२०० हा आज घेण्यासारखा डीएक्स (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा आहे: २४ मेगापिक्सेल, दोन एसडी स्लॉट, बॉडीत मोटर, आणि पॉप-अप फ्लॅशवरून दूरचे निकॉन फ्लॅश चालवायची सोय. त्याच्या आधीचा डी७१०० दिसायला जवळजवळ तसाच, पण त्याचा बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत साठवणारी मेमरी) फारच तोकडा. रॉ फोटो सलग काढायला गेलात तर सहा-एक फ्रेममध्ये धाप लागते. डी७२०० त्याच्या तिप्पट तग धरतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) हवा असेल तर डी७५०, फक्त त्याच्या काही क्रमांकांच्या बॉड्यांचं शटर निकॉनने मोफत बदलून दिलं होतं. तो सिरियल क्रमांक निकॉनच्या यादीत बघूनच पैसे द्या. २०१२ चा डी६०० स्वस्त दिसतो, पण त्याच्या सेन्सरवर तेलाचे ठिपके उडायची खोड होती. २०१४ साली निकॉनने त्यांचंही शटर मोफत बदलून द्यायला सुरुवात केली. शटर बदलल्याचा कागद नसेल तर डी६१० घ्या.

आता तपासणी. सोबत न्यायच्या वस्तू: चार्ज केलेली ईएन-ईएल१५ बॅटरी (डी७२००, डी७५० ला लागणारी), दोन एसडी कार्डं, छोटा एलईडी टॉर्च, एक जुनी एएफ-डी लेन्स, कोरा ए-४ कागद, लॅपटॉप. लेन्स जवळ नसेल तर मित्राची मागून न्या. बहुतेक विक्रेत्यांकडे फक्त एएफ-एस लेन्स असते, त्यामुळे बॉडीतली मोटर कधी कोणी तपासलेलीच नसते. एएफ-डी लावून जवळ-लांब पाच-सहा वेळा फोकस करा. घरघर होऊन फोकस अडकला, तर बॉडी सोडा. आणि हो, एएफ-डी लावताना तिची अ‍ॅपर्चर रिंग सर्वात मोठ्या आकड्यावर, म्हणजे २२ किंवा १६ वर, फिरवून कुलूपबंद करायची असते. नाही केली तर पडद्यावर 'एफईई' अशी अक्षरं लुकलुकतात. अनोळखी माणूस त्यालाच बिघाड समजून घाबरतो.

लेन्सच्या काचेवर मात्र सर्वात जास्त वेळ घालवा. टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून पाहा, मग उलट. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं हवं. निकॉनच्या जी (बाहेर रिंग नसलेल्या) लेन्समध्ये कॅमेऱ्याबाहेर ते मिटलेलं असतं, म्हणून मागची बारीक पट्टी बोटाने सरकवून धरावी लागते. एक-दोन धूलिकण दिसले तरी हरकत नाही. फोटोवर त्यांचा परिणाम शून्य. बघायचं ते वेगळं. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बर्फाच्या फांद्यांसारखे पसरलेले धागे म्हणजे फंगस. सगळीकडे सारखं दुधाळ धुकं म्हणजे हेझ, तेल-ग्रीसच्या वाफेने किंवा ओलाव्याने आलेलं. कडेपासून आत सरकणारा इंद्रधनुष्यी डाग म्हणजे दोन काचांना चिकटवणारा थर सुटत चाललाय. ही तिसरी गोष्ट दुरुस्त करणं फायद्याचं नसतं, सोडून द्या.

फंगसचं अर्धं उत्तर तो कुठल्या काचेवर आहे यात असतं. पुढच्या किंवा मागच्या बाहेरच्या काचेवर, अगदी हलका असेल, तर कारागीर ती काच काढून साफ करू शकतो. आतल्या चिकटवलेल्या जोडीत गेला असेल, किंवा त्याच्या आम्लाने काचेवरचा लेपच खाल्ला असेल, तर साफ केल्यावरही जाळ्याचा ठसा राहतो. प्रकाशाच्या दिशेने फोटो काढला की त्याच जागी कॉन्ट्रास्ट कोसळतो. "उन्हात ठेवली की जाते" हे विक्रेत्याचं वाक्य ऐकून घ्या आणि विसरा. ऊन बुरशीला मारतं, लेपावरचा ठसा पुसत नाही.

पुढची पायरी अ‍ॅपर्चरची. एएफ-डी लेन्सची रिंग २२ वर ठेवून मागची पट्टी झटकन सोडा. पाती चटकन मिटली पाहिजेत आणि कोरडी दिसली पाहिजेत. पात्यांवर तेलाची चकाकी दिसली, की पुढे कधीतरी ती चिकटणार. फोकसच्या पेचांतलं ग्रीस उष्णतेने पातळ होऊन तिथवर येतं. मायक्रो निक्कोर ५५ मिमी एफ/२.८ एआय-एस या खोडीसाठी कुप्रसिद्ध आहे. गॅरेजमध्ये किंवा गाडीच्या डिकीत उन्हाळा काढलेली लेन्स असेल तर हे जास्त दिसतं.

एएफ-एस लेन्सची मोटर कानाने तपासा. शांत सरसर आवाज ठीक. चीं-चीं असा आवाज आला, किंवा रिंग हाताने थोडी फिरवल्यावरच फोकस चालू झाला, तर मोटर शेवटच्या घटका मोजत आहे. जवळून अनंतापर्यंत वीसेक वेळा फोकस करून पाहा. मोटर बऱ्याचदा गरम झाल्यावर बोलते. व्हीआर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) असेल तर लांबच्या टोकाला झूम करून अर्धं बटण दाबा. व्ह्यूफाइंडरातली प्रतिमा किंचित उडी मारून स्थिर झाली पाहिजे. बंद असताना लेन्स हलवल्यावर आत खडखड झाली, तर ती व्हीआरच्या गटाची असू शकते आणि नेहमीच बिघाड नसते. पण जोराच्या टकटकीला दुर्लक्षू नका.

लेन्स वाकडी आहे का, म्हणजे तिचा एखादा गट एका बाजूला कलला आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. भिंतीवर वर्तमानपत्राची मोठी पानं चिकटवा किंवा विटांची सपाट भिंत गाठा. कॅमेरा तिला समांतर, ट्रायपॉडवर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा आणि चारी कोपरे शंभर टक्क्यांवर पाहा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव म्हणून सोडून द्या. एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स पडलेली किंवा उघडलेली आहे. पुढच्या फिल्टर-रिंगचा आकार चपटा झालाय का, माउंटवरच्या स्क्रूंची डोकी घासलीत का, हेही त्याच ओळीत. घासलेली डोकी म्हणजे घरगुती पेचकस.

बॉडीकडे वळू. सेन्सरची परीक्षा साधी आहे. आयएसओ १००, एफ/१६ किंवा २२, मॅन्युअल फोकस अनंतावर, समोर कोरा ए-४ कागद अगदी जवळ. हात हलला तरी चालेल. फोटोत गोल, अस्पष्ट कडेचे ठिपके म्हणजे धूळ, ती फुंकणीने किंवा स्वॅबने जाते. कडक कडेचे काळसर ठिपके म्हणजे तेल. एकाच बाजूला सरळ रेषेसारखं काही असेल तर ओरखडा समजा. मग लेन्सला झाकण लावा, मेनूतलं नॉइज रिडक्शन बंद करा, आणि आयएसओ ८०० वर एक सेकंद आणि तीस सेकंद असे दोन फोटो काढा. तीस सेकंदात पाच-दहा चमकते बिंदू येणं नेहमीचं. एका सेकंदातही ते बरेच दिसत असतील तर भाव पाडा.

लग्नाच्या फोटोग्राफरकडचा कॅमेरा घेत असाल तर ही पायरी आणखी नीट करा. वरातीत आणि स्टेजवर लेसर लाइट असतात. लेसर थेट सेन्सरवर पडला तर एका क्षणात एक संपूर्ण ओळ किंवा ठिपक्यांचा पुंजका जळतो. तो धुऊन जात नाही. दुसरं म्हणजे, व्हिडिओ शटर काउंटमध्ये धरला जात नाही. शटर एकदा उघडून राहतं आणि सेन्सर तासन्तास तापत राहतो. वीस हजार क्लिकचा 'कमी वापरलेला' कॅमेरा प्रत्यक्षात चार हंगाम व्हिडिओ काढून थकलेला असू शकतो. अशा कॅमेऱ्याचा एचडीएमआय पोर्ट सैल असतो. तिथे केबल खुपसून हलवून पाहा.

फोकस अचूक आहे का, हे ट्रायपॉडवर तपासा. फोकल लांबीच्या पंचवीस ते पन्नास पट अंतरावर एखादी स्पष्ट रेष असलेली वस्तू ठेवा, म्हणजे ५० मिमीला सव्वा ते अडीच मीटर. व्ह्यूफाइंडरने फोकस करून एक फोटो, लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, दुसरा. लाइव्ह व्ह्यूवाला तीक्ष्ण आणि दुसरा मऊ असेल तर पुढे-मागे फोकस होतोय. डी७२०० आणि डी७५० मध्ये उणे २० ते अधिक २० पर्यंत एएफ फाइन ट्यून (ही चूक मेनूतून सुधारणं) करता येतं. डी३००० आणि डी५००० मालिकांत ती सोयच नाही, त्यामुळे तिथे ही चूक माफ करू नका.

रबराकडे बघितलंत का? अंगठ्याजवळचं रबर फुगून सुटलेलं असणं निकॉनला नवीन नाही, ते बदलता येतं. पांढरी बुरशी धरलेलं असेल तर सावध व्हा, कारण रबर ओलसर राहिलं असेल तर काचही तिथेच होती. कोकण किंवा गोव्याच्या समुद्रकाठच्या कॅमेऱ्याचे माउंटचे संपर्क, हॉटशूच्या (वर फ्लॅश बसवायच्या जागेच्या) पिना आणि बॅटरीच्या खोलीतले धातू टॉर्चने पाहा. हिरवट थर दिसला की खाऱ्या हवेचं काम सुरू झालं आहे.

आता शटर काउंट. कॅमेऱ्यात आत्ताच काढलेला फोटो, संपादन न केलेला, थेट कार्डावरून लॅपटॉपमध्ये घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नको, तिथे एक्झिफ (फोटोसोबत साठलेली कॅमेऱ्याची) माहिती गळून जाते. एक्झिफटूल या मोफत प्रोग्रामात निकॉनचा काउंट आणि सिरियल क्रमांक दोन्ही दिसतात. बॉडीच्या तळाशी छापलेला क्रमांक याच्याशी जुळला पाहिजे. नसेल जुळत तर खोक्याचा, कवचाचा किंवा मूळ मालकाचा काहीतरी गोंधळ आहे. क्रमांक बिलाशीही जुळवा. डी७२०० आणि डी७५० चं शटर निकॉनने १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, डी३००० आणि डी५००० मालिकांचं १,००,००० पर्यंत. हा आकडा ओलांडला की शटर त्या दिवशी मोडतं असं नाही, आणि त्याआधी मोडणार नाही याची हमीही नाही. माझा हिशेब असा: पन्नास टक्क्यांच्या पुढे गेलेला असेल तर नवीन शटरच्या खर्चाचा अर्धा भाग किमतीतून वजा करायला सांगावं.

बॅटरी इथेच तपासा. डी७२०० च्या मेनूत बॅटरीची माहिती असते, त्यात वय ० ते ४ असं दाखवतात. ० नवी, ४ म्हणजे फेकायची. मूळ ईएन-ईएल१५ ही १९०० एमएएचची, तिच्या पुढची 'सी' आवृत्ती २२८० एमएएचची. नकली बॅटऱ्या इतक्या आहेत की वय दाखवणाऱ्या जागी काहीच येत नसेल तर तिचा भाव शून्य धरा. सोबत चार्जर आहे का, तो मूळचा आहे का, हे विसरतात लोक.

संच जमवताना एक छोटी युक्ती खूप पैसे वाचवते. डीएक्स बॉडीला १८-१४० एएफ-एस, ३५ मिमी एफ/१.८जी आणि पुढे कधीतरी ८५ मिमी एफ/१.८जी, एवढ्याने बहुतेक कामं भागतात. ३५ मिमी लेन्स डीएक्सवर सुमारे ५२ मिमीसारखी दिसते, म्हणून ती आधी घ्या. फिल्टरची मापं बघा: १८-१४० आणि ८५ दोन्ही ६७ मिमी, ३५ मिमी मात्र ५२. म्हणजे ६७ चा एकच चांगला सीपीएल (पोलरायझर फिल्टर) घ्यायचा आणि ५२ वरून ६७ करणारी स्टेप-अप रिंग. १८-१०५ चा माउंट प्लास्टिकचा असतो, १८-१४० चा धातूचा. किमतीत फार फरक नसेल तर १८-१४० घ्या. डीएक्स लेन्स पुढे फुल फ्रेमवर न्यायची असेल तर ध्यानात ठेवा, डी७५० आपोआप छोट्या क्षेत्रात जातो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात.

फ्लॅशचा एक धोका. जुन्या व्हिविटार २८३, २८५ सारख्या फ्लॅशच्या काही प्रतींत ट्रिगरचं व्होल्टेज २५० व्होल्टच्याही वर जातं, आणि निकॉनने तीच मर्यादा दिलेली आहे. बाजारात 'मस्त प्रकाश देतो' म्हणून मिळालेला फ्लॅश हॉटशूवर चढवण्याआधी तो चार्ज करून मधली पिन आणि पायाच्या धातूवर मल्टीमीटर लावा. आकडा तीन अंकी आला तर तो कॅमेऱ्यावर बसवूच नका. त्यापेक्षा गोडॉक्सचा टीटी६०० आणि निकॉनसाठीचा त्यांचा ट्रिगर घ्या. टीटी६०० मध्ये वायरलेस रिसीव्हर आतच असतो. पेनसेल मात्र निकेल-मेटल-हायड्राइड हवेत, साधे कोरडे सेल फ्लॅशला पुरत नाहीत.

कार्ड जुनं घेऊच नका, आणि नवं घेतलं तरी एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने एकदा पूर्ण भरून तपासा. नकली कार्डावर १२८ जीबी लिहिलेलं असतं, पण ठरावीक हद्दीनंतर फोटो हवेत विरतात. सेन्सर साफ करायचा तर डीएक्सला १६ मिमीचा आणि फुल फ्रेमला २४ मिमीचा स्वॅब, त्यावर दोनच थेंब द्रव, एकदाच एका दिशेने. बॅटरी पुरेशी भरलेली असल्याशिवाय आरसा वर लॉक होत नाही, ते बरंच आहे. तोंडाने फुंकू नका, दाबाच्या डब्यातली हवाही नको.

घरी आल्यावर पावसाळ्याची सोय. मुंबई, कोकण आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशीच्या वर सहज जाते, आणि लेन्सला हवी असते चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान. तीसच्या खालीही नेऊ नका. इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट उत्तम. नसेल तर रबरी कडेचा दहा-बारा लिटरचा हवाबंद डबा, त्यात अर्धा किलो सिलिका जेल आणि एक स्वस्त हायग्रोमीटर. निळं जेल गुलाबी झालं की ते ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजून परत वापरता येतं, फक्त स्वयंपाकाच्या ताटात भाजू नका. निळ्या रंगात कोबाल्ट असतं. कातडी केसमध्ये लेन्स ठेवू नका, कातडं ओलावा धरतं. एसीतून बाहेर जाताना कॅमेरा बंद पिशवीत अर्धा तास तसाच राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर जमेल, काचेवर नाही.

दुकानातून घेत असाल तर परत करायची मुदत लेखी मागा, सात दिवस तरी. त्या आठवड्यात तीनशे-चारशे फोटो काढा, दोन्ही स्लॉटमधून, निम्मे सलग फ्रेम वेगाने. एखादी बॅटरी पूर्ण संपेपर्यंत लाइव्ह व्ह्यू चालू ठेवा. गरम झाल्यावर उठणारे बिघाड तेव्हाच दिसतात, दुकानाच्या काउंटरवर दहा मिनिटांत दिसत नाहीत.